बाण समुद्राकडे

शारजा, गुरुवार रात्र

सल्या,

आठ महिने गप्प होतो, शिव्या घालून घे. तब्येत बरी, गुडघा बोंबलतोच.

बिनदारूच्या हॉटेलात लागलो म्हणून तू खिदळला होतास. अरे, 1985 पासून अख्ख्या शारजात दारूबंदी आहे, त्यात आमचं कसलं कौतुक! मालकाची शिस्त त्याच्याही पुढची. पोहायला बायकांची वेळ वेगळी, रमजानात सहेरीची पंगत, मिनीबारात लबान, म्हणजे आपलं ताक. जिलेटिन गाईचं की डुकराचं, त्याचा कागद लागतो. ट्रेनिंगला तू दारूचा ट्रे उचलला नाहीस, मी 'मौलाना' म्हणून चिडवलं, सहा महिने अबोला. आता मीच व्हॅनिला इसेन्सच्या बाटलीवर अल्कोहोल शोधत बसतो. हस लेका.

हसून झालं? ऐक. खोल्यांच्या छतावर मक्केची दिशा दाखवणारा किब्ल्याचा बाण असतो. रंगकामात निघालेले चौथ्या मजल्यावरचे बाण मी परत चिकटवले. खिशात फोन होता, त्यात कंपास होता. बघितला नाही. डोक्यात तुमची दाभोळची पडवी आणि समुद्राकडे तोंड करून नमाजाला उभी असलेली तुझी आई. लावले समुद्राकडे! पण इथला समुद्र वायव्येला, आणि मक्का पश्चिमेच्याही थोडी दक्षिणेला.

आज हाउसकीपिंगचा पेशावरचा पोरगा म्हणाला, तेव्हा कळलं. बाकी खोल्या रिकाम्याच होत्या. फक्त 412 मध्ये एक आजी आहेत, राजापूरच्या. तीन दिवस त्याच बाणाकडे बघून पढतायत. उद्या उमऱ्याला निघतील. सकाळीच म्हणाल्या, "बाळा, या खोलीत नमाजात जीव रमतो." मेल्याहून मेलो.

त्या जेवायला उतरल्यावर बाण गुपचूप फिरवला. मॅनेजर म्हणतो, तोंड बंद ठेव. माणसाने मनापासून दिशा शोधली आणि ती चुकली, तरी नमाज होते, असं तूच एकदा म्हणाला होतास. पण सल्या, त्यांनी शोधली कुठे? त्या माझ्यावर विसंबल्या. आणि सांगितलं तर म्हातारी पंधरा नमाजांचं ओझं घेऊन काब्यासमोर उभी राहणार. की तिथे उभं राहण्याआधी कळलेलं बरं?

अमानचा दहावीचा निकाल कळव. स्लॅब पडला का? भाभीला सलाम, तिच्या सांदणांची आठवण येते.

चेक-आउट बाराला. तू पहाटे फजरच्या नमाजाला उठशील तेव्हा आमच्याकडे रात्रच असेल, तरी फोन कर. मी जागाच आहे.

तुझा,
बाळ्या