पळी पळी तेल: मुलांच्या गणितासाठी वाचनालयाचे आवाहन

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, आणि पोटापाण्यासाठी सुरत, नाशिक, पुण्याला गेलेल्या आपल्या गावकऱ्यांनो, सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीपासून वाचनालयाच्या मागच्या खोलीत रोज सायंकाळी पाचवी ते नववीची मुले गणिताला बसतात. फी नाही, हजेरी नाही. लॅपटॉप दोन आहेत, त्यांतला एक चार्जरची वायर हलली की बंद पडतो. मुले येतात सव्वीस. मागे बसलेल्याला पडदा दिसत नाही आणि माऊस कोणाच्या हातात यावरून रोज भांडण होते. म्हणून हे आवाहन.

आधी तिथे काय चालते ते सांगतो. सहावीतल्या एका मुलीने वहीत लिहिले होते, १/२ + १/३ = २/५. वरचे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात. छेद समान करायचा हा नियम तिला पाठ होता, पण तो का करायचा हे तिने कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. तिला ‘फेट’ या संकेतस्थळावरचा अपूर्णांकाचा खेळ उघडून दिला. पडद्यावर रिकामे वर्तुळ, शेजारी निरनिराळ्या मापांचे तुकडे. तिने अर्धा ओढून आणला, त्याला लागून तिसरा हिस्सा ठेवला. वर्तुळाची भाकरी जवळजवळ भरली, एक फट उरली. मग ती एकेक तुकडा त्या फटीत घालून बघू लागली. चतकोर मोठा पडला, पाचवा हिस्साही मावेना, सहावा नेमका बसला. ती बराच वेळ नुसती बघत राहिली. नंतर कोणी न सांगता तिने सगळी भाकरी सहाव्या हिश्शांनी भरून पाहिली. अर्ध्याच्या जागी तीन, तिसऱ्या हिश्शाच्या जागी दोन. वहीतले उत्तर खोडून ५/६ लिहिले आणि म्हणाली, “आते समजनं. दोन पंचमांश ते अर्धापेक्षा बी कमी शे!”

अर्ध्यात काही मिळवले तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी येणार नाही, हे तिला तिचे तिला उमगले. फळ्यावर दहा वेळा सांगून जे होत नाही ते त्या पाच मिनिटांत झाले.

ही साधने फुकट आहेत. ‘फेट’ हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प. २००१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ साली तो सुरू केला, त्यात आपल्या बक्षिसाच्या पैशांतलाही काही भाग घातला. त्यातले बरेच खेळ मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही चालतात. आपल्याकडे हे फार मोलाचे. भूमितीसाठी ‘जिओजेब्रा’ हे सॉफ्टवेअर वापरतो. ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी विद्यार्थी असताना २००१ मध्ये ते तयार करायला घेतले. त्रिकोणाचा कोपरा माऊसने कितीही ओढा, तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच राहते. आठवीची पोरे ती बेरीज मोडायला तासभर झटत होती. पुस्तकांवरचे क्यूआर कोड स्कॅन करून ‘दीक्षा’ या सरकारी ॲपवरचे धडेही पाहतो, पण व्हिडिओ पाहताना मूल नुसते बसून राहते. हात चालला पाहिजे, असे आमचे मत पक्के झाले आहे.

पालकांची भीती आम्हाला ठाऊक आहे. मोबाइल हातात दिला की पोरगं रील बघतं. शिवाय आपल्या गावातल्या तीन घरांनी एका खासगी कंपनीचे अभ्यासाचे ॲप हप्त्याने घेतले होते. मुलांनी महिनाभरात ते उघडणे सोडले, हप्ते मात्र कापसाचे पैसे येईपर्यंत फेडावे लागले. इथे तसे नाही. लॅपटॉप वाचनालयातच राहतात आणि वही उघडल्याशिवाय कोणी माऊसला हात लावत नाही. आधी अंदाज वहीत लिहायचा, मग पडद्यावर करून बघायचे, चुकला तर का चुकला ते शेजारच्याला सांगायचे. शाळेतल्या गुरुजींनीच ही रीत घालून दिली. त्यांच्या शिकवण्याला जोड म्हणूनच ही खोली आहे.

आपला तालुका चाळीसगाव. पाटणादेवीच्या परिसरातला शिलालेख आपल्यापैकी अनेकांनी ऐकून माहीत असेल. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला. त्या मठाला सन १२०७ च्या सुमारास दिलेल्या दानाची नोंद या शिलालेखात आहे. शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. राजाने जमीन दिली, बाजारातल्या मालावरचा कर मठाकडे वळवला आणि चालत्या घाण्यांवर पळी पळी तेल लावून दिले. गणित शिकवणाऱ्या मठासाठी या मातीतल्या तेल्याने पळीभर तेल दिले होते. आम्हीही तेवढेच मागतो आहोत.

सहा लॅपटॉप हवे आहेत, जुने चालतील. ऑफिसने बदलले म्हणून घरी पडून असलेला, बॅटरी गेलेला, कीबोर्डचे एखादे बटण निघालेला, काहीही. चार जीबी रॅम असली तरी पुरे. दुरुस्ती करून त्यात लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली टाकायला गावातला अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी तयार आहे. वीज ऐन सायंकाळी जाते, म्हणून इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यायची आहे. दरपत्रक २२,००० रुपयांचे आहे, ९,५०० जमले आहेत, १२,५०० कमी पडतात. टेबले गावातल्या सुतारदादांनी मजुरी न घेता करून दिली, नेटची जोडणी ग्रामपंचायतीची वापरतो.

पैशांहून अधिक अडचण माणसांची आहे. कापूस वेचणी सुरू झाली की आई-बाप अंधार पडेपर्यंत शेतात असतात आणि सायंकाळची चूल मुलींकडे येते. गेल्या हंगामात अकरा मुलींपैकी आठ जणी यायच्या बंद झाल्या. अपूर्णांक समजलेली ती मुलगीही त्यात होती. म्हणून मुलींसाठी रविवारी सकाळी ८ ते १० असा वेगळा वर्ग ठेवायचा आहे. त्यासाठी दोन ताई हव्यात. दहावीपर्यंतचे गणित येत असले की झाले, संगणक आम्ही शिकवू. अहिराणी बोलणाऱ्या असतील तर फारच छान, लहान मुली त्यांच्याशी मोकळेपणी बोलतील. बाहेरगावी असलेल्यांनी महिन्यातून एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तासभर दिला तरी मोठी मदत होईल.

वस्तू किंवा रक्कम वाचनालयात सायंकाळी ५ ते ८ या वेळेत द्यावी. धनादेश वाचनालयाच्या नावाने काढावा. प्रत्येकाला पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फलकावर लागेल. लॅपटॉप पाठवण्यापूर्वी त्यातले आपले फोटो आणि कागदपत्रे आठवणीने काढून घ्यावीत. वेचणी सुरू होण्याआधी रविवारचा वर्ग उभा करायचा आहे, म्हणून ज्या ताईंना येणे जमेल त्यांनी या आठवड्यातच ग्रंथपालांकडे नाव द्यावे.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय