कपात खोलीभाड्याची, कात्री सगळ्या बिलाला

महोदय,

सरकारी कर्मचाऱ्यांच्या गट आरोग्य विम्याचा विषय निघाला की बोलणे होते ते हप्त्यावर आणि विमा रकमेवर. पैसे मात्र जातात खोलीभाड्याच्या अटीत. अनेक गट पॉलिसींमध्ये रोजचे भाडे विमा रकमेच्या 1 टक्क्यापर्यंतच मान्य असते. म्हणजे 3 लाखांच्या विम्याला दिवसाला 3,000 रुपये. मुंबईत एवढ्यात स्वतंत्र खोली मिळणे कठीण. रात्री ॲडमिशन काउंटरवर नातेवाईक 6,000ची खोली घेतात आणि ‘वरचे आपण भरू’ म्हणतात.

नडते ते इथेच. रुग्णालयात डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे दर खोलीच्या श्रेणीनुसार चढतात, म्हणून विमा कंपनी त्यांनाही त्याच प्रमाणात कात्री लावते. चार दिवसांचे भाडे 24,000, डॉक्टर-थिएटर-नर्सिंग 1,20,000, औषधे 40,000 आणि इम्प्लांट 50,000 धरा. 6,000 पैकी 3,000च मान्य, म्हणून पहिल्या दोन रकमा निम्म्या होतात, म्हणजे 72,000 खिशातून. पण औषधे, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचे शुल्क यांना ही कात्री लावता येत नाही. विमा नियामकाने 2020 मध्येच ते स्पष्ट केले आहे. खोलीनुसार दर न बदलणाऱ्या रुग्णालयातही ती लागू नाही. तरीही सरसकट अख्खे बिल निम्मे केले, तर भुर्दंड 1,17,000 वर जातो. हे जादाचे 45,000 डिस्चार्जच्या घाईत कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

तेव्हा नुसत्या एकूण आकड्यावर समाधान मानू नये. टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून) कपातीचा बाबवार तपशील आणि पॉलिसीतले नेमके कलम लेखी मागावे. आधी विमा कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जावे. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मुंबईचे लोकपाल कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे.

कार्यालयांनाही एक काम सहज जमेल. विमा कार्डावर ‘1 टक्का’ अशी मोघम अट न छापता ‘खोलीभाडे : रोज 3,000 रुपयांपर्यंत’ असे छापावे. पॉलिसीची प्रत आस्थापना शाखेच्या कपाटात असते, काउंटरवर हातात असते ते कार्ड.

— एक वाचक, मुंबई