लॉबीतील संगमरवरी फरशी उखडू नये याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय: लॉबीची फरशी न बदलता घोटाई व पॉलिश करून घेणे, अ‍ॅसिडने धुणे बंद करणे.

महोदय,

लॉबीतला संगमरवर ‘खराब झाला’ म्हणून तो उखडून टाइल्स बसवण्याचा विषय येत्या सभेत आहे, हे सूचनाफलकावर वाचले. माझा याला विरोध आहे. दगड चांगला आहे, त्याची धुण्याची पद्धत चुकते आहे.

संगमरवर म्हणजे मूळची चुनखडी. जमिनीच्या पोटात उष्णता आणि दाबाने तिचे कण नव्याने स्फटिक होऊन एकमेकांत घट्ट गुंततात, म्हणूनच त्यावर इतकी सुरेख झिलई चढते. पण द्रव्य तेच राहते, कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्लापुढे त्याचा टिकाव लागत नाही. अ‍ॅसिड ओतल्यावर जो फेस येतो तो मळाचा नव्हे. दगडच विरघळत असतो. ओली असताना फरशी लख्ख दिसते, वाळली की निस्तेज होते. शिवाय खरखरीत झालेल्या पृष्ठभागावर मळ आणखी लवकर धरतो, मग पुन्हा अ‍ॅसिड. सीलर, म्हणजे दगडाची बारीक छिद्रे बुजवणारे द्रावण, लावूनही हे टळत नाही. तो डाग मुरू देत नाही इतकेच.

दुसरे कारण धूळ. खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 मध्ये सांगणाऱ्या मोह्स मापनात संगमरवराचा कठीणपणा साधारण 3, वाळूतल्या क्वार्ट्‌झ या खनिजाचा 7. चपलांखालची वाळू फरशीवर रोज ओरखडे काढते. दारात बाहेर आणि आत अशी दोन मोठी पायपुसणी ठेवली तरी पुष्कळ फरक पडेल.

ही झीज वरवरची आहे. मशीनने घोटाई करून पॉलिश मारले की झिलई परत येते. टाइलचा वरचा थर गेला की ती बदलावीच लागते, हेही सभेपुढे यावे. रोज पुसायला साधे पाणी किंवा सौम्य, आम्ल नसलेला साबण पुरे. तेलकट डागांवर मातीचा लेप चालतो. ताजमहालाचा पिवळेपणा काढायला पुरातत्त्व विभागाने मुलतानी मातीचाच लेप वापरला आहे.

बाहेरच्या पायऱ्यांबाबत मात्र माझे म्हणणे वेगळे आहे. पावसात गुळगुळीत संगमरवरावरून ज्येष्ठांचे पाय घसरतात. तिथे खरबरीत केलेला ग्रॅनाइटच बसवावा.

ठराव मांडण्याआधी लॉबीच्या एका कोपऱ्यात घोटाई करून पाहावी आणि तो कोपरा सर्व सभासदांना दाखवावा, ही विनंती. सफाई कंत्राटदाराला अ‍ॅसिड बंद करण्याची लेखी सूचना मात्र आजच द्यावी.

आपली विश्वासू,
एक सभासद