कॉटेजच्या भिंतीला पांढरा रंग नको

संपादक महोदय, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत खेड्यातलं कॉटेज वॉटरकलरमध्ये कसं काढायचं यावर लेख आलाय, विषय मस्त आहे, पण त्यात लिहिलंय की आधी सगळं घर रंगवून घ्या आणि शेवटी पांढऱ्या रंगाने भिंतीवर ऊन दाखवा. अहो, वॉटरकलरमधलं ऊन म्हणजे कागदच ना! भिंत कोरी सोडायची, फार तर यलो ओकरचा (मातकट पिवळ्या रंगाचा) अगदी पाणीदार वॉश, म्हणजे पातळ थर, द्यायचा आणि वळचणीखाली निळसर सावली टाकायची, की तीच भिंत उजळते. वरून पांढरा थापला की रंगाचा पारदर्शकपणा गेला आणि भिंत खडूसारखी कोरडीठाक दिसायला लागते. अगदीच अडलं तर कागद पूर्ण सुकल्यावर ब्लेडने हलकंसं खरवडता येतं, पण त्यालाही ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद हवा, पातळ कागद फाटतो, आणि पाण्याने फुगतो ते वेगळंच.

छपराचंही तसंच, गवताची एकेक काडी काढत बसायला सांगितलंय, कशाला? एक सलग वॉश द्या, तो सुकू द्या आणि मग जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून खरखरीत कागदावरून ओढा, पोत आपोआप येतो. आणि छपराची वरची रेघ पट्टीने मारू नका प्लीज, जुनं छप्पर मधे थोडं बसलेलं असतं, घराचं वय तिथेच कळतं.

शेवटी लेखक जाता जाता म्हणतात की हे सगळं कॅलेंडरछाप. नाही पटलं. हेलन अलिंगहॅम (१८४८-१९२६) या इंग्लिश चित्रकर्तीने सरे भागातली जुनी कॉटेजेस काढली ती पाडली जात होती किंवा दुरुस्तीच्या नावाखाली बदलली जात होती म्हणून. नव्या खिडक्या बसवलेल्या दिसल्या तर ही बाई चित्रात जुन्या जाळीदार खिडक्या परत बसवायची, म्हणजे नोंद म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवता येणार नाही हे खरं, पण नुसतं गोडगोडही नाही ते. १८९० मध्ये रॉयल वॉटरकलर सोसायटीची पूर्ण सदस्य झालेली ती पहिली स्त्री.

तेवढा पांढऱ्या रंगाचा सल्ला पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापा, नवीन शिकणारी मुलं तसंच करतील. आणि सोबतच्या चित्राखाली चित्रकाराचं नावच नाहीये, तेही द्या.

आपला,
एक नियमित वाचक