अर्धविराम जमला, तर निक्सओएस जमेल

मा. संपादक,

विंडोज १०ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली आणि जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकण्याचा सल्ला सर्रास मिळू लागला. त्यात निक्सओएस या लिनक्सच्याच एका प्रकाराचे नाव निघाले की ‘ते प्रोग्रामरांचे काम’ म्हणून विषय मिटतो. अडचण आहे, पण लोक समजतात तिथे नाही.

निक्सओएसमध्ये संगणकाची जवळजवळ सगळी मांडणी एका मजकूर फाइलीत असते. ही फाइल कोऱ्या पानापासून लिहावी लागत नाही. २०२२पासून मिळणारा माऊसने चालवायचा इन्स्टॉलर चार प्रश्न विचारून ती लिहून देतो. पुढे लिब्रेऑफिस हवे असेल तर पॅकेजांच्या यादीत त्याचे नाव घालायचे आणि टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘सुडो निक्सओएस-रीबिल्ड स्विच’ ही कमांड द्यायची, म्हणजे फाइलीप्रमाणे सिस्टीम नव्याने रचली जाते. हे वाण्याला यादी देण्यासारखेच आहे. नवखा चुकतो तो ठरावीक दोन ठिकाणी. सेटिंगच्या शेवटी अर्धविराम लागतो, तो राहून जातो. चौकटी कंसातल्या यादीत स्वल्पविराम चालत नाही, तो सवयीने पडतो. अशी चूक झाली की रीबिल्ड अडते आणि ओळीचा क्रमांक दाखवते (राहिलेला अर्धविराम बहुधा त्याच्या वरच्या ओळीत सापडतो). चालू सिस्टीमला धक्का लागत नाही.

रीबिल्ड सुरळीत झाले, पण नव्या ग्राफिक्स ड्रायव्हरने स्क्रीन काळी पडली, तर मशीन पुन्हा सुरू करून बूट मेनूतली (सुरू होताना दिसणाऱ्या यादीतली) आधीची पिढी, म्हणजे मागच्या रीबिल्डची जपून ठेवलेली सिस्टीम, निवडायची. मात्र नंतर फाइलही दुरुस्त करायला हवी, नाहीतर पुढच्या रीबिल्डला तोच बिघाड परत येतो. आणि पिढी मागे गेली तरी तुमची कागदपत्रे मागे जात नाहीत. त्यांचा बॅकअप वेगळाच.

मराठी टायपिंगसाठी आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम आणि त्याचे भारतीय भाषा पुरवणारे एम१७एन इंजिन फाइलीत लिहून रीबिल्ड करायचे, एकदा लॉगआउट करायचे आणि कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये मराठी निवडले की झाले. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात.

खरा अडसर आहे तो यादीबाहेरच्या सॉफ्टवेअरचा. निक्सच्या संग्रहात एक लाखाहून जास्त पॅकेजे आहेत, पण डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर विक्रेता डेब फाइल (उबुंटूसारख्या लिनक्सची इन्स्टॉल फाइल) म्हणून देतो, तेव्हा ती इथे डबल-क्लिकने बसत नाही. इतर लिनक्सवर प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी (सामाईक कोडच्या फाइली) ठरलेल्या फोल्डरांत असतात. इथे त्या ‘निक्स स्टोअर’मध्ये लांबलचक सांकेतिक नावांच्या फोल्डरांत असतात, म्हणून बाहेरून आणलेल्या प्रोग्रामला त्या सापडत नाहीत. फ्लॅटपॅक, म्हणजे कुठल्याही लिनक्सवर चालणारी तयार ॲप बसवण्याची सोय, फाइलीतल्या एका ओळीत सुरू होतो आणि घरगुती गरज बहुतेक त्यातच भागते. बाहेरचे काही प्रोग्राम त्यांना लायब्ररी शोधून देणाऱ्या ‘निक्स-एलडी’ने चालतात. टोकनचे मात्र जाणकाराशिवाय जमेल असे धरून चालू नये. ज्याला रोज पोर्टलवर डिजिटल सही करायची असते, त्याने विंडोज ठेवावे, हेच शहाणपणाचे.

दुसरा त्रास बूट पार्टिशनचा, म्हणजे संगणक सुरू होताना लागणाऱ्या फाइलींच्या डिस्कवरील वेगळ्या भागाचा. विंडोजशेजारी निक्सओएस टाकले की बहुधा विंडोजचेच १०० एमबीचे पार्टिशन वापरले जाते. प्रत्येक नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) तिथे साठतो आणि काही आठवड्यांत ‘जागा नाही’ म्हणून रीबिल्ड थांबते. सुरुवातीलाच १ जीबीचे वेगळे पार्टिशन करावे आणि मेनूत पाचच पिढ्या ठेवण्याची मर्यादा फाइलीत लिहावी. डिस्कवरचा जुना पसारा ‘निक्स-कलेक्ट-गार्बेज’ या कमांडने अधूनमधून काढावा लागतो, तो आपोआप जात नाही.

नवी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते, आणि जुनीला साधारण सात महिनेच आधार असतो. म्हणजे वर्षातून दोनदा चॅनल (पॅकेजे जिथून येतात तो आवृत्तीचा स्रोत) बदलणे आले. त्या वेळी फाइलीच्या शेवटी असलेला ‘स्टेटव्हर्जन’चा आकडा वाढवण्याचा मोह होतो. तो आकडा पहिल्या इन्स्टॉलच्या वेळचा असतो. त्याला हात लावू नये.

– एक वाचक, ठाणे