फिल्टरच्या खोक्यावरचा आकडा आणि टाकीतलं पाणी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत घरच्या प्लांटेड टँकवरचा, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीवरचा लेख वाचला, फोटो झकास होते, पण फिल्टर कोणता घ्यायचा याबद्दल त्यात एवढंच होतं की जितका मोठा तितका चांगला, आणि ते वाचून पत्र लिहायलाच बसलो कारण नेमक्या याच सल्ल्यापायी माझे सहा महिने वाया गेलेत.

माझी टाकी दोन फुटी, 60 बाय 30 बाय 36 सेंमी. हिशोबाने 65 लिटर होतात, पण माती, दगड, लाकूड आणि वरची दोन बोटं सोडली की पाणी जेमतेम 50 लिटर. दुकानदाराने ताशी 1000 लिटरचा पॉवर फिल्टर गळ्यात मारला, म्हणजे अख्खं पाणी तासाला वीस वेळा फिरणार! चालू केल्यावर कोपऱ्यातली माती उकरून खड्डा पडला, वॅलिसनेरियाची पानं एका अंगाला झोपली ती उठेनात, आणि फायटर मासा बिचारा, ज्याची जात मूळची थायलंडकडच्या भातखाचरांतल्या संथ पाण्यातली, तो लाकडामागे दडून बसला, खायला बाहेर आला की वाहत जाऊन समोरच्या काचेला लागायचा. आमची ही म्हणाली, अहो हा मासा पाळलाय का धुवायला टाकलाय?

मग मी चिडून तो फिल्टर काढला आणि नुसता छोटा स्पंज फिल्टर लावला. फायटर खूश, पण महिन्याभरात दगडामागे घाण साचली, पाण्यावर तेलकट साय धरली, खालची पानं पिवळी पडून विरघळायला लागली. मला वाटलं खत कमी पडतंय म्हणून खत वाढवलं, तर शेवाळ आलं.

झाडाला खत हवं असतं तसाच कार्बन डायऑक्साइड हवा असतो, आणि हा वायू पाण्यात आपणहून पसरतो तो हवेपेक्षा साधारण 10,000 पट हळू. त्यात प्रत्येक पानाला चिकटून पाण्याचा एक पातळ थर असतो जो जवळपास हलतच नाही, त्यातला वायू पानाने ओढून घेतला की पुढचा येईपर्यंत पान उपाशी. पाणी वाहतं असलं की हा थर बारीक होतो. म्हणजे टाकीत सगळं असूनही पानापर्यंत पोचत नव्हतं, आणि मी वरून अजून ओतत होतो.

आता आकडा. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्ट अशी सावकाश वाढणारी झाडं आणि वरून कार्बन डायऑक्साइडचा गॅस सोडत नसाल, तर तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरलं तरी भागतं, त्या गॅसचा सिलिंडर आणि दाट झाडी असेल तर दहापटीपर्यंत लोक जातात. हा शास्त्रातला नियम नाही, टाक्या सांभाळणाऱ्यांचा अंदाज आहे. पण हे माप खरंच बाहेर पडणाऱ्या पाण्याचं, खोक्यावरचं नाही! आपल्या विदर्भात हे समजावायला सोपं, कूलरचा पंप बघा, टबात सोडला की केवढी धार मारतो आणि नळी लावून वर चढवला की कसा दमतो, आणि वाळ्याच्या ताट्यांवर क्षार जमला की पाणी पाझरायचं कसं कमी होतं. फिल्टरचं तेच आहे, खोक्यावरचा आकडा सहसा रिकाम्या फिल्टरचा आणि पाणी वर न चढवता घेतलेला असतो. मी नंतर ताशी 600 लिटरवाला छोटा कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घेतला, नळी टाकीच्या काठाला धरून एक लिटरच्या मापात सोडली आणि मोबाईलवर वेळ लावली, 12 सेकंदात माप भरलं, म्हणजे ताशी 300, निम्मंच. माझ्या 50 लिटरला सहापट, बरोब्बर बसलं. दोन महिन्यांनी परत मोजलं तर 17 सेकंद, स्पंज तुंबला होता (तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाच्या क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात).

आकड्याइतकीच दिशा महत्त्वाची. मी भोकांची नळी मागच्या लांब काचेवर आडवी लावली, पाणी समोरच्या काचेकडे जातं, तिथून खाली उतरतं आणि तळावरून मागे येतं. चिमूटभर बारीक चुरलेलं खाणं धारेत सोडून बघा, ते कुठे फिरतं आणि कुठे जाऊन पडून राहतं ते दिसतं, जिथे पडून राहतं तिथे पाणी मेलेलं. पानं वाऱ्यावरच्या ज्वारीसारखी हलकी डुलली पाहिजेत, आडवी पडायला नकोत. अर्थात मासा कोणता तेही बघायचं, झेब्रा डॅनिओ किंवा केरळकडच्या नद्यांतला मिस केरला असेल तर त्यांना धार आवडते, फायटर-गुरामीला नाही.

पाण्याचा पृष्ठभाग किती हलवायचा यावर लोक भांडतात. सिलिंडरचा गॅस सोडत असाल तर वर नुसती लहर हवी, खळखळाट केला की पैशाचा गॅस हवेत. सिलिंडर नसेल तर उलट जरा जास्त हलू द्या, हवेतून थोडा कार्बन डायऑक्साइडही मिळतो आणि ऑक्सिजनही. रात्री झाडंसुद्धा ऑक्सिजनच घेतात, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर आधी हेच तपासा. अकोल्याच्या मे महिन्यात तर मी नळी वर उचलून मुद्दाम खळखळाट करतो, कारण 25 अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 32 अंशाला 7.3च. लाईट चार-पाच तास गेली तर कॅनिस्टर तसाच चालू करू नका, आतलं पाणी कुजलेलं असतं, ते ओतून मगच.

पुढच्या लेखात फिल्टरचा आकार सांगताना मापात पाणी धरून मोजायची ही युक्ती तेवढी छापा, जमलं तर उन्हाळ्याच्या आत.

आपला,
एक जुना वाचक, अकोला