सायकल स्टँडवरच्या बेवारस सायकली: आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
कोल्हापूर महानगरपालिका.

स.न.वि.वि.

मी रोज ज्या स्टँडला सायकल लावतो, तिथली बरीचशी जागा कधी मोकळीच होत नाही. (स्टँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाहीतर तेवढाच साफ होईल आणि फोटो छापून येतील.) भिंतीकडेला एक लेडीज सायकल आहे. दोन्ही टायर बसलेत, सीट कुणीतरी नेलंय, चेन गंजून गच्च झालीय, पुढच्या बास्केटात चहाचे कप आणि गुटख्याच्या पुड्या. कुलूप मात्र शाबूत, आणि त्या कुलपापायीच तिला कुणी हात लावत नाही.

अशा सायकली येतात कुठून, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरगावचा पोरगा शेवटचा पेपर देऊन गावी जातो. जुन्या सायकलीपेक्षा ती न्यायचं टेम्पोभाडंच जास्त. कुणी मोपेड घेतो. काही चोरीच्याही असणार. मोटारसायकल असती तर नंबरवरून मालक सापडला असता. पूर्वी नगरपालिका सायकलीवर कर घेऊन बिल्ला द्यायच्या, तोही गेला. (कर परत लावा असं मी म्हणत नाही, घरचेच मला धरतील.) जपानने 1980 साली यासाठी कायदाच केला आणि 1994 पासून सायकलीची नोंदणी सक्तीची केली. आपल्याला एवढं लांब जायची गरज नाही.

पण ट्रॉली पाठवून भंगार उचलून नेऊ नका, म्हणून हे पत्र. उद्यमनगरातल्या कामगाराची, पहाटे पेपर टाकणाऱ्याची, सेंट्रिंगवाल्याची सायकल कधी नीट बघा. मडगार्ड नाही, पेडलच्या जागी नुसता दांडा, रंग म्हणजे गंज. तरी ती रोज रस्त्यावर असते. ती ट्रॉलीत गेली तर त्या माणसाचा खाडा होतो, आणि सोडवून आणायला आणखी एक. तेव्हा सायकल हलते की नाही, एवढंच बघा.

त्याला एक खडू पुरतो. सरसकट सगळ्या सायकलींच्या मागच्या टायरवर, जमिनीला टेकतो तिथं, रेघ मारायची आणि तीच खाली फरशीवर ओढायची. पंधरा दिवसांनी रेघा जुळलेल्याच असल्या, तर चाक फिरलेलं नाही. पावसाळ्यात रेघ टिकणार नाही आणि मे महिन्यात पोरं गावाला असतात. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेजं सुरू झाली की हे करावं.

न हललेल्या सायकलींना तारीख आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधून महिनाभर थांबा. रस्त्यात बेकायदा ठेवलेली वस्तू विनानोटीस हटवायचा अधिकार तुम्हाला महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 231 ने आहे. पण सायकल स्टँडवर लावलेली सायकल बेकायदा कशी म्हणायची? म्हणून चिठ्ठी हवीच. कुलूप तोडताना पोलीस हवेत, पंचनामा हवा. फ्रेमवर सहसा नंबर ठोकलेला असतो, तो चोरीच्या तक्रारींशी ताडून बघता येईल. फोटो आणि नंबर गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट या चारही विभागीय कार्यालयांत लावा. पोलिसांकडे बेवारस माल जमा झाला की जाहीरनामा काढून मालकाची सहा महिने वाट बघतात, तेवढे दिवस सायकली कोरड्या राहतील असं गोडाऊन आधी शोधा. नाहीतर स्टँडवरचा गंज गोडाऊनमध्ये जाईल, एवढंच.

सहा महिन्यांत कुणी आलं नाही, तर आयटीआयच्या पोरांकडून दोन-तीन सायकलींची मिळून एक करून घ्या आणि महापालिकेच्या शाळेत लांबून चालत येणाऱ्या मुलांना द्या. वाटपाला मंडप, फेटे, फ्लेक्स काही नको. फ्लेक्सच्या पैशात एखाद्या सायकलीचे टायर-ट्यूब येतील.

आपला,
रोज सायकलवरून येणारा एक करदाता,
मंगळवार पेठ, कोल्हापूर